चाळीसपैकी चाळीस

चटई एकट्याने विणता येत नाही. आमच्या आठ नंबरच्या वाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकीनं ताण्यावर, म्हणजे ताणलेल्या उभ्या दोऱ्यांवर, टाकलेल्या फळीवर बसून फणी मारायची. दुसरीनं बाजूला मांडी घालायची, काठीच्या खाचेत लव्हाळ्याची काडी अडकवायची आणि ती ताण्यातून आरपार सारायची. फणी आपटली की काडी बसते, फणी उलटली की पुढच्या काडीला वाट होते. दोघींपैकी एक उठली की दुसरीचे हात रिकामे. म्हणून आमच्याकडे मायलेकींची भांडणंसुद्धा मागावर बसूनच होतात. रागानं उठून जायची सोयच नसते.

न्यानच्या घरी फणीवर न्यान आणि काठीवर तिची पोरगी मिएन. न्यान चाळिशीची, अंगानं वाळकी. फणी मारून मारून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. ती सातवीत होती तेव्हा तिची थोरली बहीण लग्न होऊन गेली आणि काठीवर बसायला कुणी उरलं नाही. 'चार दिवस घरी राहा, मग जा शाळेत' असं तिच्या आईनं सांगितलं. ते चार दिवस अजून संपलेले नव्हते. मागावरची बांबूची काठी न्यान माहेराहून घेऊन आली होती. अंगठा टेकतो तिथं काठीला खळगा पडला होता. आता त्या खळग्यात मिएनचा अंगठा बसायचा.

मिएन नववीत. जूनमध्ये दहावीच्या सरकारी शाळेची प्रवेश परीक्षा. शाळा तालुक्याच्या गावी, बांधावरून नऊ किलोमीटर. गणित आणि भाषा या दोन विषयांत पोरगी बरी, तिसरा विषय इंग्रजी, आणि त्यात बोंब. ज्यांचे गुण भरत नाहीत ती पोरं घरी बसतात. मुलगे कोळंबीच्या तळ्यांवर जातात. मुली मागावर बसतात आणि अठरा वर्षं भरली की चपलांच्या कारखान्यात. यात कुणी रडत-बिडत नाही, इतकं ते नेहमीचं आहे.

नवं वर्ष झालं तेव्हा शाळेनं इंग्रजीच्या सरावाची एक वही दिली. वीस पेपर, प्रत्येकात चाळीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला ए, बी, सी, डी अशी चार उत्तरं. कुठं क्रियापदाचं रूप भरायचं, कुठं शब्दाचा अर्थ ओळखायचा. मिएन ती वही गुडघ्याशी उघडी ठेवून काठी चालवायची. एक डोळा वहीत, एक काठीवर. मग काड्या मोडायला लागल्या, चटईची कड चुरगळायला लागली. व्यापाऱ्यानं चटई उलगडली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "ही चटई हाय का खेकडा चालून गेलाय?"

त्या दिवशी न्याननं वही मिटून कपाटावर ठेवली. मागची उत्तरांची चार पानं मात्र फाडून घेतली आणि फळीवर आपल्या मांडीशी दगडाखाली दाबली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण अक्षरं तर आमच्या भाषेचीही तीच, रोमन. ए, बी, सी, डी ओळखायला तिला कुणाची गरज नव्हती.

"तू मुकाट काठी मार. मी नंबर इचारते, तू उत्तर सांग. हात हाताचं काम करंल, तोंड तोंडाचं."

"तिसरा पेपर. सतरा?"

धप्.

"सी."

"अठरा?"

धप्.

"ए."

पहिल्या महिन्यात अडखळायचं. मिएन सकाळी वही वाचून यायची, दुपारी चुकायची, न्यान पान बघून सांगायची. दुसऱ्या महिन्यात पेपरामागून पेपर सुटायला लागले. चौथ्या महिन्यात तर न्यानचं 'सतरा' तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत पोरीचं 'सी' आलेलं असायचं. वीस पेपर, आठशे उत्तरं. फणीच्या तालावर ती अशी सुटायची की रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून ऐकत राहायचे. न्यानचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असायचा, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. बाजारात मासळी घेताना, पाणवठ्यावर पालेभाजी धुताना, कुणी विचारो न विचारो, ती सांगायचीच.

"चाळीसपैकी चाळीस. एकबी चूक न्हाई. माझ्या डोळ्यांम्होरं."

शेजारची लू आजी सुपारी चघळत म्हणायची, "न्यान, तुझी पोरगी आता आपल्याशी बोलंल का गं? का दुभाषा आणावा लागंल?"

"बोलंल की. तुझ्याशी मात्र सावकाश बोलंल," न्यान म्हणायची.

मे महिन्यात सराव परीक्षा झाली. पेपर जिल्ह्यावरून आला होता, वहीतला नव्हता. आठवड्यानं पालकांची सभा बोलावली. न्याननं लग्नातला जांभळा सदरा काढला, केस ओले करून बसवले, नवी शंकूच्या आकाराची टोपी घातली. उत्तरांची चार पानं तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवली. कशाला, ते तिचं तिला माहीत. लू आजीच्या नातवाची इयत्ता तीच, म्हणून आजीही बरोबर होती.

उयेन बाई इंग्रजी शिकवायच्या. तालुक्याहून स्कूटरवर यायच्या, तिशीच्या असतील, स्वभावानं मऊ. पण गुण मोठ्यानं वाचायची आमच्या शाळेची रीत, ती त्यांनाही मोडता आली नाही. एकेक नाव घेत त्या खाली आल्या.

"मिएन. दहापैकी गणित सात. भाषा साडेसहा. इंग्रजी अडीच."

न्यान उभी राहिली. "बाई, तुमच्या कागदात कायतरी घोळ हाय."

"आपण सभा झाल्यावर बोलू या, ताई."

"झाल्यावर कशाला? सगळ्यांनी आत्ता ऐकलं, तर सगळ्यांम्होरंच निकाल लावा. माझ्या पोरीला चाळीसपैकी चाळीस येत्यात." तिनं पिशवीतून पानं काढून टेबलावर ठेवली. पानांना घामाचे आणि लव्हाळ्याच्या धुळीचे डाग पडले होते. "इचारा कुठलाबी नंबर."

बाईंनी पानं पाहिली आणि त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं. त्या म्हणाल्या, "ताई, राहू दे." पण न्यान हटेना. शेवटी मिएनला बाहेरून बोलावलं. पोरगी दारात आली, चपला काढल्या, हात बांधून उभी राहिली. बाईंनी तिसऱ्या पेपरातलं सतरावं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खाली चार उत्तरं लिहिली, फक्त त्यांचा क्रम बदलून.

"मिएन, बोल."

"सी," मिएन म्हणाली. तिनं फळ्याकडे पाहिलंही नव्हतं.

"फळ्याकडे बघ बाळ. वाक्य वाच. अर्थ सांग."

पोरीनं फळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचा उजवा हात मांडीजवळ आपसूक पुढं-मागं होत होता, काठी सारल्यासारखा. 

मागच्या बाकावरून कुणीतरी बाप्या म्हणाला, "चारातलं एक. डोळं मिटून बोट ठेवलं असतं तरी अडीच पडलं असतं की!"

लोक हसले. फार नाही, पण हसले. न्याननं टेबलावरची पानं उचलली, जुन्या घड्यांवर पुन्हा घड्या घातल्या, पिशवीत घातली आणि बाहेर पडली. टोपी बाकावरच राहिली. ती लू आजीनं मागून आणून दिली, न्यान बांधावर पोचल्यावर.

"घे बाई. डोकं तापलं असंल," आजी म्हणाली. आणि वर "चाळीस काय आन् अडीच काय, पोरगी तीच हाय," असंही म्हणाली.

मायलेकी घरी आल्या. मिएन सहा पावलं मागून चालत होती.  घरी येऊन न्याननं सदरा बदलला आणि फळीवर जाऊन बसली. मिएन काठीशी बसली. दुसरं करायचं तरी काय. पन्नास-साठ काड्या गेल्या तेव्हा न्यान बोलली.

"तुला ठावं व्हतं?"

"न्हाई आई. शपथ." मिएनच्या डोळ्यांतलं पाणी काठीवर पडत होतं. "मला वाटायचं मला येतंय."

न्याननं फणी मारली. "मलाबी तसंच वाटायचं," ती म्हणाली.

पोरीवर हात उगारावा असं तिला वाटलं असेल, आमच्याकडे ते नवल नाही. पण मार कुणाला द्यायचा? चार महिने नंबर विचारत कोण बसलं होतं? आपल्या हातानं पोरीला पोकळ केली, हे तिला आतून खात होतं. त्या दिवशीची चटई इतकी घट्ट बसली की उचलायला दोघी लागल्या.

नवरा ख्वात कोळंबीच्या तळ्यांवर कामाला. संध्याकाळी पाय धुता धुता त्यानं सगळं ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला माणूस होता.

"सोड आता," तो म्हणाला. "नशिबात काठी हाय तर काठी. तुझ्या हाताखाली तर राहील."

न्याननं त्याच्यापुढं भात ठेवला आणि मासळीच्या रसाची वाटी ठेवली.

रविवारी उयेन बाई आपणहून घरी आल्या. सभेतलं त्यांनाही लागलं होतं. न्याननं हिरव्या चहाच्या पानांचा काढा दिला. बाई मागाशी बसल्या, काठी हातात घेऊन बघितली, एक काडी सारली आणि ती मधेच मोडली. मिएनला हसू आलं, ते तिनं दाबलं.

"बघा, चार वर्षं कॉलेजात शिकून मला एक काडी सारता येत नाही," बाई म्हणाल्या. "ताई, अजून चोवीस दिवस आहेत. शब्द तिला येतात, निम्मे तरी येतात. पण तिनं त्यांच्याकडे बघणं सोडलंय. उद्यापासून नंबर विचारू नका. तिनं अख्खं वाक्य म्हणायचं, अर्थ सांगायचा, आणि हेच उत्तर का, बाकीची तीन का नाहीत, ते तुम्हाला पटवून द्यायचं."

"मला? बाई, मला इंग्रजीतलं ओ का ठो येत न्हाई. मी तपासणार कसं?"

"तपासायचं नाही. समजून घ्यायचं. जे तुम्हाला समजलं नाही ते तिला येत नाही, असं धरून चाला."

जाताना बाईंनी उत्तरांची चार पानं मागून घेतली. न्याननं पिशवीसकट दिली.

मग जे सुरू झालं त्याला अभ्यास म्हणावं की कुस्ती, मला सांगता येणार नाही. मिएन वाक्य म्हणायची, न्यान ते पुन्हा म्हणायची. अक्षरं आपली पण बोलणं परकं, त्यामुळं न्यानच्या तोंडी त्याचं काहीच्या बाहीच व्हायचं. मग अर्थ. मग 'का'.

"पाऊस आला नसता तर आम्ही काम संपवलं असतं," मिएननं एका वाक्याचा अर्थ सांगितला.

"म्हंजी पाऊस आला का न्हाई?"

"आला."

"मग आला नसता कशापायी म्हणायचं?"

"आला म्हणूनच. आता तो मागं घेता येत न्हाई, ते सांगायला क्रियापद असं मागं वळतं. हे बघ, इथं आन् इथं."

"झालं ते झालं. त्याच्यावर एवढी क्रियापदं कशाला खर्चायची?"

"आई, परीक्षेत येतं म्हणून!" मिएन चिडली. "तुला एवढंबी कळत न्हाई?"

फणी हवेत थांबली. ख्वात दारात तंबाखू भरत होता, त्यानं मान वर केली.

"न्हाई कळत," न्यान म्हणाली. आवाज चढवला नाही. "परत सांग."

मिएननं परत सांगितलं. सांगता सांगता तिची जीभ अडखळली, कारण 'इथं' नेमकं काय होतं ते तिलाही धड ठाऊक नव्हतं. ती उठली, वही काढली, बघितलं, पुन्हा बसली आणि तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा कुठं न्याननं फणी मारली.

दिवसाला एक व्हायची ती चटई दोन दिवसांना व्हायला लागली. मागाजवळच्या भिंतीवर कोळशानं शब्द चढायला लागले, दाराच्या चौकटीपर्यंत गेले. न्यान पीठ मळताना, डुकराला कोंडा घालताना ते पुटपुटायची. लू आजीनं कुंपणावरून ऐकलं.

"न्यान, या वयात गोऱ्या साहेबाशी लगीन लावायचंय का गं?"

"लावते की. आधी काठीवर बसवून बघते, जमतंय का त्याला."

जूनचा पहिला आठवडा आला आणि त्याबरोबर पश्चिमेचा भाजणारा वारा. लव्हाळा कापणीला आला. लव्हाळ्याचं गणित सगळ्यांना पाठ असतं. कापला की त्याच दिवशी यंत्रावर चिरायचा, चिरला की बांधावरच्या रस्त्यावर पसरायचा, आणि तीन उन्हं द्यायची. त्यात एक सर आली तर काडी काळी पडते. काळ्या काडीची चटई कुणी घेत नाही. तिची फक्त दोरी होते. दोरी वळतात त्या आमच्याकडच्या एकट्या म्हाताऱ्या, ज्यांच्या मागाला दुसरं माणूस उरलेलं नसतं.

चिरायचं यंत्र वाडीत एकच. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि पहाटे पाचला खांबावरच्या भोंग्यातून सांगतात. न्यानच्या चिठ्ठीवर परीक्षेचाच दिवस निघाला. तीन दिवस आधीची पाळी लू आजीची होती. जिनं टोपी आणून दिली होती तिच्याच दारात न्यान जाऊन उभी राहिली.

"पाळी बदलून दे आजी."

"माझा लव्हाळा उन्हात उभा पिवळा पडतोय. मी का बदलू?"

न्यान तशीच उभी राहिली. आजीनं सुपारीची पिंक टाकली, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जा. बदलली," ती म्हणाली. "माझा नातू परीक्षेला बसतच न्हाई, त्यो काय सुधारायचा न्हाई. तुझी तरी सुधारू दे."

तिघांनी मिळून एका दिवसात शेत कापलं. गुडघाभर खारट चिखल, वर लोखंड तापल्यासारखं आभाळ. कापायचं, मूठ शेंड्याकडून धरून झटकायची, आखूड काड्या गळून पडल्या की लांब तेवढ्या बांधायच्या. लव्हाळ्याच्या कडांनी मिएनच्या हातावर बारीक रेघा उठल्या आणि त्यांत खारं पाणी झोंबत होतं. ती ओझं उचलताना वाक्यं म्हणत होती. न्यान पुढून ओझं ओढत 'का?' म्हणत होती. संध्याकाळपर्यंत सगळा चिरून झाला. दुसऱ्या दिवशी पहिलं ऊन मिळालं, तिसऱ्या दिवशी दुसरं. काडी पांढरीशुभ्र वाळत होती. एक ऊन राहिलं होतं आणि ते परीक्षेच्या दिवशीचं होतं.

परीक्षेच्या सकाळी न्याननं शकुनाचा म्हणून लाल घेवड्याचा चिकट भात केला. अंडं घरात येऊ दिलं नाही, शून्य कोण खाईल त्या दिवशी. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढं उदबत्ती लावली. पोरीला सायकलवर मागं बसवून नऊ किलोमीटर नेलं. सकाळी भाषेचा पेपर, दुपारी इंग्रजीचा. ख्वातला तळ्यावरून सुट्टी मिळाली नव्हती, उन्हानं कोळंबी मरत होती. तेव्हा सकाळी पोचवून न्याननं लव्हाळ्याकडे परतायचं, असं ठरलं होतं.

पण भाषेचा पेपर सुटला तेव्हा मिएनचे ओठ पांढरे पडले होते. जेवणाचा डबा तिनं तसाच परत दिला.

"आई, तू जाऊ नकोस. खिडकीतून फाटक दिसतं. तू दिसलीस की मला वाक्यं आठवत्यात."

न्याननं आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ होतं. "थांबते," ती म्हणाली.

फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली पन्नासेक आया उभ्या होत्या, निम्म्याहून जास्त लव्हाळ्याच्या गावांतल्या. दोनची घंटा झाली, फाटक लागलं. अडीचला पश्चिमेकडून ढग वर आला. आमच्याकडच्या बाईला ढग दाखवावा लागत नाही, तो आधी पाठीला कळतो. एकीनं वर पाहिलं, मग सगळ्यांनी. एकीनं सायकल काढली. मग दुसरीनं. बघता बघता झाडाखालची सावली रिकामी झाली.

"अगं, तुझा पसरलेला न्हाई का?" जाता जाता एकीनं विचारलं.

"हाय," न्यान म्हणाली.

मिएननं पुढचं आम्हाला नंतर सांगितलं. वर्गात एकदम अंधारलं. तेव्हा तिचा बाविसावा प्रश्न चालला होता. ढग दिसला आणि ती बाकावरून उठली. ती उठली नाही, पाय उठले. लहानपणापासून ढग आला की पळायचं, हेच पायांना माहीत. पर्यवेक्षक ओरडले, "बस खाली! वेळ संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही." बसता बसता तिनं फाटकाकडे पाहिलं. ते रिकामं असणार, याची तिला खात्री होती. आपली आई एव्हाना अर्ध्या वाटेवर असणार आणि असायलाच पाहिजे, असं तिला वाटलं.

फाटकाशी एकच टोपी होती. पाऊस कोसळला तरी ती हलली नाही. चार महिन्यांची मेहनत बांधावर भिजतेय आणि आई इथं उभी आहे, हे तिला दिसलं. मग तिनं पेपराकडे पाहिलं, एकेक वाक्य, अख्खं. आणि प्रत्येक वाक्याला तिला न्यानचा आवाज ऐकू येत होता, 'न्हाई कळत, परत सांग'.

दोघी चिंब भिजून परतल्या. बांधावर लू आजी आणि तिचा नातू यंत्रावरची आपली पाळी सोडून प्लास्टिकचा कागद अंगानं दाबून धरून उभे होते. त्याखाली न्यानच्या लव्हाळ्याचा पाचवा हिस्सा वाचला होता. बाकीचा रस्त्यावर पाण्यात पडला होता. ख्वात तळ्यावरून पळत आला तोवर सगळं आटपलं होतं.

"तू हितं असतीस तर..." तो म्हणाला.

"न्हवते," न्यान म्हणाली. तिनं ओली मूठ उचलली आणि झटकायला लागली. मिएन पुढं झाली तर तिला म्हणाली, "तू घरी जा. उद्या गणित हाय."

दोन दिवसांत काडी काळी पडली.

निकाल जुलैत लागला. इंग्रजीत सहा. एकूण बेरीज शाळेच्या रेषेच्या पाव गुणानं वर. पाव गुण म्हणजे एक प्रश्न. लू आजीनं भोंग्याच्याही आधी वाडीभर ओरडून सांगितलं, "आमची पोरगी लागली!" 'आमची' म्हणाली हे न्याननं ऐकलं आणि तिला पहिल्यांदा रडू आलं. ख्वातनं कोंबडा कापला. दोन घोट घेऊन तो लेकीला म्हणाला, "एक वाक्य बोल बघू इंग्रजीत." तिनं एक म्हटलं, ते ऐकून त्यानं मान डोलावली, कळल्यासारखी.

वाचलेल्या लव्हाळ्याच्या नऊ चटया झाल्या. शाळा उघडायला चार दिवस होते तेव्हा शेवटची मागावर होती. त्या दिवशी न्याननं काही विचारलं नाही.  काडी जात होती, फणी पडत होती, एवढंच. दुपारी चटई पुरी झाली. न्याननं ती सोडवली, कडा कापल्या, गुंडाळून भिंतीशी उभी केली. मग ती ताण्याची तागाची दोरी सोडवून तिचा गुंडा करायला लागली.

मिएननं नेहमीसारखं दुसरं टोक धरलं. "आई, गुंडा कशाला? नवा ताणा घालू या ना."

"नको."

"मी पहाटे बसत जाईन. शाळा सातला असती. आल्यावर बसंन. रईवारी दिवसभर बसंन. पयले चार दिवस जरा जड जाईल, मग..."

न्याननं गुंडा खाली ठेवला. काठी उचलली. अंगठ्याच्या खळग्यावरून एकदा अंगठा फिरवला, चुलीपाशी गेली आणि गुडघ्यावर ठेवून ती मोडली. जुना बांबू, सहज मोडला. दोन्ही तुकडे तिनं भाताच्या भांड्याखाली सारले.

"आई! अगं, तुझ्या माहेरची काठी!"

"मीबी चार दिवसच म्हणून बसले व्हते," न्यान म्हणाली.

मिएन चुलीकडे बघत राहिली. वाळलेला बांबू भराभर पेटत होता. तिनं विचारलं, "मग आता तू काय करशील?"

न्यान ओसरीवर गेली. काळ्या लव्हाळ्याची एक पेंढी ओढून घेतली, त्यावर पाणी शिंपडलं आणि भिंतीला पाठ टेकून बसली. तीन काड्या निवडल्या, पायाच्या अंगठ्यात अडकवल्या.

"दोरी वळंन," ती म्हणाली. "दोरीला एक माणूस पुरतं. तू वही आण आन् हितं बस. सांग काय ते."